परसबाग : शेंडा खुडण्याची वेळ

हळवे भात कापून खळ्यावर आले की शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांचा रंग पंधरा दिवसांत पालटतो. चार महिने हिरवीगार आणि पाण्याने तुडुंब असलेली खाचरे पिवळी पडतात, उरल्या ओलीवर वाल टाकला जातो आणि ज्यांच्या विहिरीला पाणी आहे ते भेंडी, काकडी, टोमॅटोच्या मागे लागतात. बाजारपेठेत तीन-चार पिढ्या दुकान मांडून बसलेल्या व्यापारी कुटुंबांनी हा पालट आजवर तराजूच्या बाजूने पाहिला. अलीकडे मात्र यांतील अनेकांची गावाबाहेर चार-पाच गुंठ्यांची का होईना, वाडी असते. मुंबई-ठाण्यात स्थिरावलेल्या भावकीनेही आसनगाव, किन्हवली, सरळगाव, टोकावडे या बाजूंना जागा घेतल्या आहेत. वाडीच्या देखरेखीला जवळच्या पाड्यावरचे एखादे ठाकर वा कातकरी कुटुंब असते आणि रविवारी मालक येतात.

अशा वाडीत पहिले पीक कोणते घ्यावे, याचे उत्तर बहुधा घरातील सुनाच देतात. ज्या स्वयंपाकघरात कांदा, लसूण आणि बटाटा यांना प्रवेश नाही, तेथे रश्श्याचा सारा भार टोमॅटोवर येतो. पनीरची भाजी असो, कच्च्या केळ्याची पावभाजी असो की साधे सार असो, घरच्या टोमॅटोचा आंबटपणा आणि बाजारच्या जाड सालीच्या टोमॅटोचा आंबटपणा यांतला फरक पहिल्या घासाला कळतो. बाजारचे फळ प्रवास सोसावा म्हणून निवडलेले असते. वाडीतले फळ वेलीवरच पिकवता येते.

टोमॅटोच्या जाती ढोबळमानाने दोन. एक झुडपी, म्हणजे गुडघा-कंबरेएवढी वाढून थांबणारी. हिच्या शेंड्यावरच फुलांचा घोस येतो आणि वाढ संपते. फळे थोड्या आठवड्यांत एकदम येतात आणि झाड मोकळे होते. दुसरी उंच जात, जिच्या पाकिटावर ‘इनडिटरमिनेट’ असे छापलेले असते. हिचा शेंडा थांबत नाही. तीन पानांमागे एक घोस, पुन्हा तीन पाने, पुन्हा घोस, असे करीत ती सहा-सात फूट आणि सोय केली तर त्याहूनही वर जाते. वास्तविक हाच टोमॅटोचा मूळ स्वभाव. दक्षिण अमेरिकेतून निघून पोर्तुगिजांबरोबर भारतात आलेला टोमॅटो वेलीसारखा पसरणाराच होता, आणि जुनी मंडळी त्याला वेलवांगी म्हणत ते उगाच नव्हे. आपोआप थांबणारे झाड प्रथम आढळले ते १९१४ साली अमेरिकेतील फ्लोरिडाच्या एका शेतात, निसर्गाच्या एका चुकीतून. आजच्या साऱ्या झुडपी जाती त्या एका झाडाच्या वंशातल्या.

घरच्या वाडीला उंच जात सोयीची, कारण चाळीस कॅरेट एका दिवशी उतरवायचे नसतात. रोज टोपलीभर हवे असते आणि ते महिनोन्‌महिने हवे असते. पण ‘महिनोन्‌महिने’ या शब्दातच या तालुक्यांत खरी अडचण दडलेली आहे. झुडपी टोमॅटो फेब्रुवारीत आटोपतो. उंच टोमॅटो मार्चमध्ये भरात असतो आणि एप्रिलमध्येही पाणी मागतो. एप्रिलमध्ये शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर पाणी कोठून येते, हे येथील दुकानदारांना कोणी सांगायला नको, कारण टँकर त्यांच्याच दारावरून जातो. म्हणून उंच टोमॅटो कसा वाढवावा याइतकाच तो कधी थांबवावा हाही प्रश्न येथे महत्त्वाचा ठरतो. आधी वाढवण्याचे पाहू.

वेळापत्रक पंचांगासारखे पक्के धरावे. बी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ट्रेमध्ये, कोकोपीटात टाकावे. वर पावसाचा मारा अडवणारे छप्पर आणि चारही बाजूंनी चाळीस मेशची बारीक जाळी असावी. पंचवीस ते तीस दिवसांत रोप तयार होते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, परतीचा पाऊस ओसरताना, लागवड होते. माळशेज घाटाच्या माथ्यावर, जुन्नर तालुक्यात टोमॅटोचे मोठे क्षेत्र असल्याने तयार रोपेही मिळतात, पण घाट उतरून आलेले रोप उंच जातीचेच आहे याची खात्री करून घ्यावी. दोन महिन्यांनी ते झुडपी निघाले तर बांबूंचा खर्च व्यर्थ जातो. जातींविषयी एक लक्षात ठेवावे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘पुसा रुबी’ ही जुनी सरळ जात उंच वाढते आणि तिचे बी घरी धरता येते. बंगळूरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पर्णगुच्छ, मर आणि लवकर येणारा करपा या तीन रोगांना दाद देत नाही, मात्र तो मध्यम उंचीचा आहे. त्याला पूर्ण उंच जातीचे आयुष्य नसते, आणि या भागात तो दोषच आहे असे मुळीच नाही.

जमिनीचा विचार येथे नाशिक वा जुन्नरपेक्षा वेगळा करावा लागतो. अडीच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात माती धुपून आम्लधर्मी झालेली असते आणि अशा मातीत ‘मर’ हा जिवाणूजन्य रोग दबा धरून राहतो. काल टवटवीत असलेले झाड आज दुपारी मान टाकते, पाने हिरवीच असतात, आणि तीन दिवसांत सारे संपते. पाणी कमी पडले असे समजून माणूस आणखी पाणी देतो आणि रोग शेजारच्या झाडाकडे वाहून नेतो. ओळख सोपी आहे. मेलेल्या झाडाचे खोड बुडाशी कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात धरावे. मर असेल तर थोड्याच वेळात कापापासून दुधासारखी पांढरी तार पाण्यात उतरताना दिसते. ज्या जागी गेल्या दोन-तीन वर्षांत वांगी, मिरची वा टोमॅटो होते ती जागा टाळावी. भाताचे खाचर मात्र चांगले, कारण महिनोन्‌महिने पाण्याखाली राहिलेल्या मातीत या जिवाणूचा जोर ओसरतो. त्या चिकण मातीत पाणी साचू नये म्हणून फूटभर उंचीचे गादीवाफे करावेत. जेथे मर दरवर्षीच येते तेथे वांग्याच्या खुंटावर कलम केलेली टोमॅटोची रोपे लावणे हा उपाय आहे. ती महाग पडतात, पण चार गुंठ्यांच्या वाडीला तो खर्च जड नाही.

दोन ओळींत चार फूट आणि दोन रोपांत दीड फूट अंतर राखले तर एका गुंठ्यात सुमारे एकशेऐंशी झाडे बसतात. रोप खोल, पहिल्या पानांपर्यंत मातीत गाडावे. टोमॅटोच्या गाडलेल्या खोडालाही मुळे फुटतात. लागवडीनंतर लगेच भाताच्या पेंढ्याचे चार बोटे जाड आच्छादन घालावे. पेंढा येथे विकत आणावा लागत नाही आणि त्याने दोन कामे होतात, ओल टिकते आणि पाण्याच्या थेंबाबरोबर माती उडून खालच्या पानांवर बसत नाही. करपा बहुधा याच मार्गाने झाडावर चढतो.

आधार रोप लहान असतानाच उभा करावा. झाड आडवे पडल्यावर बांबू रोवणारा माणूस झाड उभे करीत नाही, मोडतो. दर आठ-दहा फुटांवर जाड बांबू, त्यांच्या माथ्यावर सहा-सात फुटांवर ताणलेली तार आणि तारेपासून प्रत्येक झाडापर्यंत लोंबती सुतळी, एवढी मांडणी पुरते. सुतळी खोडाला सैल बांधावी आणि झाड वाढेल तसे त्याला तिच्याभोवती वळवीत न्यावे. सह्याद्रीच्या उतारावरील कारवीच्या काठ्याही पूर्वापार आधाराला वापरल्या जातात. सात-आठ वर्षांतून एकदा फुलून वाळणाऱ्या या झुडपाच्या काठ्या येथे कुडाच्या भिंतींना लागतात. मात्र उंच टोमॅटोला भारंभार फळे लागली की एकटी कारवी वाकते.

यापुढचे काम रोजचे आहे. प्रत्येक पानाच्या बगलेतून एक फूट निघते. ती राहू दिली तर एका खोडाची आठ खोडे होतात, ऊन आत शिरत नाही आणि फळ बारीक राहते. दोन-तीन इंचांची असतानाच ती बोटांनी वाकवून मोडावी, तीही सकाळी, म्हणजे जखम दिवसभरात वाळते. घोसाखालची फूट जोमदार असते आणि नवख्या माणसाला तोच शेंडा वाटतो, त्यामुळे तेथे सावध राहावे. पहिला घोस फळावर आला की त्याच्याखालची पाने टप्प्याटप्प्याने काढून टाकावीत. तंबाखू मळणाऱ्या वा विडी ओढणाऱ्या हाताने हे काम करू नये. तंबाखूतील विषाणू टोमॅटोच्या पानांवर ठिपक्यांचा केवडा आणतो आणि तो हातांनीच झाडोझाड पसरतो. वाडीवर काम करणाऱ्या काकांना ही गोष्ट ओरडून नव्हे, साबणाची वडी हातात देऊन सांगितली की पटते.

कीटकांचा प्रश्न या मासिकाच्या वाचकांना इतरांपेक्षा अधिक बोचतो. टोमॅटोवर पांढरी माशी येते, फळ पोखरणारी अळी येते, आणि २०१४ साली महाराष्ट्रात प्रथम आढळलेली दक्षिण अमेरिकेची नागअळी, जिला टुटा म्हणतात, तीही येते. दुकानातून औषधाची बाटली आणून फवारणे हा एक मार्ग. त्यात मरतात ते केवळ उपद्रवी जीव नव्हेत. टोमॅटोच्या फुलाला परागासाठी दुसऱ्या झाडाची गरज नसते, पण फुलाला हादरा लागतो आणि तो देण्याचे काम गुणगुणणारे भुंगे व रानमाश्या करतात. त्यांनाच घालवले तर फळ धरण्यासाठी सकाळी दहा-अकराच्या सुमारास तारेवर काठीने टकटक करीत फिरावे लागते.

जयणेचा मार्ग मारण्याऐवजी येऊ न देण्याचा आहे. रोपवाटिकेला जाळी, ज्यामुळे पांढरी माशी कोवळ्या रोपापर्यंत पोहोचत नाही आणि तिच्यामार्फत येणारा पर्णगुच्छही टळतो. वाडीच्या कडेने मक्याच्या वा ज्वारीच्या दाट दोन ओळी, ज्या माशीच्या वाटेत भिंतीसारख्या उभ्या राहतात. निंबोळीचा पाच टक्के अर्क, ज्याच्या कडूपणाने पानाची गोडी जाते. आणि झेंडू. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटोपेक्षा झेंडूच्या फुलावर अंडी घालणे पसंत करतो, म्हणून टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावण्याची शिफारस शास्त्रज्ञ करतात. त्यासाठी झेंडूचे रोप टोमॅटोच्या रोपापेक्षा पंधरा-वीस दिवसांनी मोठे हवे, नाहीतर फुले वेळेवर येत नाहीत. यांत कोठेच हिंसा होत नाही असे म्हणणे खोटे ठरेल. निंबोळीनेही काही अळ्या मरतात आणि माती खणताना जे होते ते होतेच. पण जाळी आधी बांधणारा आणि बाटली आधी उघडणारा यांच्यात पुष्कळ अंतर आहे.

आता पाण्याचा हिशेब. हिवाळ्यात उंच टोमॅटोच्या एका झाडाला ठिबकने रोज दीड लिटर पाणी पुरते. एप्रिलच्या उन्हात त्यालाच तीन लिटर लागते. एका गुंठ्याच्या एकशेऐंशी झाडांचे रोजचे पाचशेचाळीस लिटर होतात. सरकारी टँकरने पाणी देताना माणशी दिवसाला वीस लिटरचे प्रमाण धरले जाते. म्हणजे एप्रिलमध्ये एक गुंठा टोमॅटो सत्तावीस माणसांचे पाणी पितो, आणि चार गुंठे शंभरावर माणसांचे. वाडीची विहीर किंवा कूपनलिका आपल्या मालकीच्या सातबाऱ्यावर असली तरी तिच्यात येणारे पाणी सातबारा पाहून येत नाही. येथील खडक काळा कातळ, बेसाल्ट. त्याच्यात पाणी मुरते ते भेगांमध्ये, आणि भेग वाडीच्या कुंपणाखालून पाड्याच्या विहिरीपर्यंत गेलेली असू शकते. वाडीतील पंप खोल गेला की वरची उथळ विहीर आधी आटते.

ज्या तालुक्यात भातसा आणि तानसा आहेत तेथे हे घडावे, याची खंत येथील जुन्या पेढ्यांवर नेहमी बोलली जाते. तानसा धरण १८९२ सालचे, आणि मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी आज भातसा देते. जलवाहिन्या गावांच्या अंगावरून जातात आणि त्यांच्या सावलीत हंडे रांगेत असतात. माळशेजच्या वर जुन्नरमध्ये कुकडी प्रकल्पाचे कालवे आहेत, म्हणून नारायणगावच्या बाजारात उन्हाळी टोमॅटोचे ढीग लागू शकतात. घाटाच्या खाली त्यांची नक्कल करण्यात अर्थ नाही.

पण मोह पडतो, आणि व्यापारी मनाला तो अधिक पडतो. हिवाळ्यात टोमॅटो सर्वत्र असतो, दर पडलेला असतो, आणि पुढे कधी भाव चढेल याचे गणित डोक्यात चालू राहते. २०२३ च्या जुलैत किरकोळ बाजारात किलोला शंभराच्या कितीतरी वर गेलेला भाव अजून साऱ्यांच्या स्मरणात आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भाव इतका कोसळला की तोडणीची मजुरीही निघेना आणि शेतकऱ्यांनी माल रस्त्याकडेला ओतला. ही दुसरी आठवण लोकांना लवकर येत नाही. शिवाय उन्हाळी फळाचा दर्जाही उतरतो. रात्री उबदार राहू लागल्या की फुले गळतात, आणि पारा तिशीच्या वर राहिला की फळात तांबडा रंग नीट भरत नाही, ते पिवळट-नारिंगी राहते. सत्तावीस माणसांचे पाणी पिऊन गुंठाभर वाडी देते ती अशी फळे.

यावर मार्ग उंच जात सोडून देण्याचा नाही, तिचा शेंडा वेळेवर खुडण्याचा आहे. फूल उमलल्यापासून फळ तांबडे होईपर्यंत हिवाळ्यात साधारण पन्नास दिवस लागतात. म्हणून विहिरीकडून उलट मोजावे. मागील दोन-तीन वर्षे पाड्याची विहीर कोणत्या आठवड्यात तळाला गेली, हे वाडीवरील बाईंना विचारावे. त्यांना ते तारखेने नव्हे, पण शिमग्याच्या आधी की नंतर असे नेमके सांगता येते. समजा, उत्तर मार्चचा मध्य असे आले. त्यातून पन्नास दिवस वजा केले की जानेवारीचा शेवटचा आठवडा येतो. त्या आठवड्यात उमललेला घोस शेवटचा मानावा, त्याच्या वर दोन पाने राखावीत आणि शेंडा खुडून टाकावा. ती दोन पाने घोसाला सावली देतात आणि पोसतात.

हे लिहिण्यास सोपे, करण्यास अवघड. जानेवारीच्या अखेरीस उंच टोमॅटो त्याच्या सर्वांत सुंदर अवस्थेत असतो. ऑक्टोबरात लावलेले झाड डोक्यावर गेलेले, खाली पिकलेले घोस, मध्ये हिरवे, वर पिवळी फुले. डिसेंबरच्या मध्यापासून टोपल्या भरू लागलेल्या असतात, घरात कौतुक चाललेले असते, पाहुणे वाडीत उभे राहून छायाचित्रे काढतात. अशा झाडाचा शेंडा मोडताना हात अडखळतो, आणि ‘आणखी एक घोस येऊ द्या’ असे कोणीतरी म्हणतेच. आणखी एक घोस म्हणजे पाण्याचे आणखी आठ-दहा दिवस, आणि त्यानंतर पुन्हा एक घोस असतोच. झाड स्वतः थांबत नाही.

ज्यांना थोडी मुदत वाढवून हवी असेल त्यांनी ती ऑक्टोबरातच मिळवावी. पाऊस संपताच ओढ्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाळू-मातीने भरून वनराई बंधारा घातला तर ओढ्याचे पाणी महिना-दीड महिना अधिक थांबते आणि खालच्या विहिरींना पाझर मिळतो. रिकाम्या गोण्या बाजारपेठेतील दुकानांत पडूनच असतात. आणि जेथे वाडी नाही, दुकानामागच्या अंगणात पाच-दहाच झाडे आहेत, तेथे हा हिशेब लागू होत नाही. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी एवढ्या झाडांना मे महिन्यापर्यंतही पुरते. त्याने कोणाच्या विहिरीचे काही कमी होत नाही.

शेंडा खुडल्यावर दोन आठवडे विशेष लक्ष द्यावे. वर जाण्याची वाट बंद झाली की झाड प्रत्येक बगलेतून नवी फूट काढते. ती न चुकता काढीत राहावी, नाहीतर खुडणे व्यर्थ. पाणी एकाएकी तोडू नये. कोरडे पडलेल्या झाडाला अचानक भरपूर पाणी मिळाले की फळे तडकतात, आणि ओलीच्या अशाच चढउतारात फळाच्या बुडाशी काळा डागही पडतो. फेब्रुवारीच्या अखेरीस पाणी निम्म्यावर आणावे. फळ आकाराने थोडे लहान राहते, पण गोडी वाढते.

मार्चच्या मध्यावर ठिबक बंद करावे. वेलीवर तेव्हाही काही हिरवी फळे असतात. ज्यांच्या बुडाशी पांढरट-पिवळी झाक आली आहे ती देठासकट तोडून, पडवीत कोरड्या पेंढ्यावर, एकमेकांना न लागतील अशी मांडावीत. दोन-तीन दिवसांआड हात फिरवून मऊ पडलेले वेगळे करावे. कडक हिरव्या फळांची बेसन लावलेली भाजी होते किंवा दाण्याच्या कुटाची चटणी. झाडे उपटून बांधावर वाळू द्यावीत, मर लागलेली मात्र वाडीबाहेर काढावीत. सुतळी जाळून टाकावी, तार गुंडाळून ठेवावी. बांबूंची मातीत गेलेली टोके धुऊन उन्हात दोन दिवस वाळवून माळ्यावर टाकली तर तेच बांबू आणखी दोन हंगाम चालतात. पेंढ्यावर मांडलेले टोमॅटो बहुतेक वर्षी पाडव्यापर्यंत पुरतात.